क्लॉपचं प्रेसिंग आणि लिव्हरपूलचं राजकारण: चाहते मॅनेजरला कसं तोलतात

फुटबॉल मॅनेजरवरून चाहते दोन तऱ्हेने भांडतात. एक भांडण मैदानातलं असतं: बचावफळी इतकी पुढे कशाला, मधल्या फळीत थकलेले पाय किती दिवस चालवणार, फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, मध्ये का ओढलं. दुसरं मैदानाबाहेरचं: तिकिटं महाग कोणी केली, क्लब कोणाच्या मालकीचा, राष्ट्रगीत सुरू झाल्यावर हुर्यो का उडवली. बहुतेक क्लबांत ही भांडणं वेगवेगळ्या कट्ट्यांवर चालतात. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबमध्ये कट्टा एकच. युर्गन क्लॉप ऑक्टोबर २०१५ ते मे २०२४ तिथे मॅनेजर होता, आणि त्याच्याबद्दलची मतं नीट समजून घ्यायची तर दोन्ही बाजू एकत्रच वाचाव्या लागतात. कारण दोन्हीकडे चाहता एकच गोष्ट तपासत असतो: ओझं सगळे मिळून उचलतायत, की कोणीतरी ते दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतोय?

आधी मैदानातलं बघू. ते कळल्याशिवाय चाहत्यांचा राग नेमका कशावर आहे ते कळत नाही.

पाच सेकंदांचा खेळ

क्लॉपच्या पद्धतीला गेगनप्रेसिंग म्हणतात. चेंडू हातचा गेला की मागे पळायचं नाही. जवळचे तीन-चार खेळाडू साधारण पाच सेकंद चेंडूवाल्यावर तुटून पडतात. मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर सगळे झटकन आपापल्या जागी परततात. यामागचा हिशोब सरळ आहे. ज्याने नुकताच चेंडू हिसकावला त्याने अजून मान वर करून पाहिलेलं नसतं, आणि त्याचे साथीदार बचावातून हल्ल्याकडे वळण्याच्या गडबडीत असतात. त्या क्षणी चेंडू परत मिळाला तर समोरची बचावफळी विस्कटलेली सापडते. क्लॉप म्हणायचा की अशी संधी जगातला कुठलाही प्लेमेकर, म्हणजे हल्ला रचणारा खेळाडू, तयार करू शकत नाही.

इथे बऱ्याच जणांची एक गफलत होते. प्रेसिंग फसलं की लोक म्हणतात, ‘पोरं पळत नाहीत.’ पुष्कळदा पोरं पळत असतात, पण फार लांबून. चेंडू आपल्याकडे असतानाच खेळाडू एकमेकांपासून दहा-बारा मीटरवर असतील तर तो गेल्यावर वेढा पडतो. तेच पंचवीस मीटरवर असतील तर कितीही जीव तोडून धावा, पोहोचेपर्यंत पुढचा पास गेलेला असतो. म्हणजे प्रेसिंगची तयारी चेंडू गमावण्याच्या आधीच झालेली लागते. कबड्डीत रेडर आत शिरल्यावर साखळी जुळवायला गेलात तर उशीर झालेला असतो, तसंच हे.

समोरचा संघ गोलरक्षकापासून खेळ रचू लागला की करायचं प्रेसिंग वेगळं. २०१८ ते २०२० या काळातला संघ ४-३-३ मध्ये, म्हणजे चार बचावपटू, तीन मिडफिल्डर (मधल्या फळीतले) आणि तीन आघाडीचे असा उभा राहायचा: उजवीकडे मोहम्मद सलाह, डावीकडे सादिओ माने, मध्ये रॉबर्टो फर्मिनो. समजा, प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या सेंटर-बॅककडे, म्हणजे गोलसमोरच्या बचावपटूकडे, चेंडू आला. सलाह त्याच्याकडे सरळ धावत नसे. तो बाहेरून आत असा वळणदार धावायचा, त्यामुळे डाव्या फुलबॅककडे जाणारा पास त्याच्या पाठीमागे झाकला जायचा. फर्मिनो बचावात्मक मिडफिल्डरला चिकटून. आता सेंटर-बॅकपुढे दोनच वाटा उरत: मधल्या गर्दीत पास द्या, नाहीतर उंच लांब चेंडू मारा. गर्दीत तीन मिडफिल्डर टपलेले, आणि लांब चेंडू डोक्याने परतवायला व्हर्जिल व्हॅन डाइक मागे उभा.

यातलं भोक कुठे आहे? सलाहच्या डोक्यावरून फुलबॅककडे अलगद उचललेल्या पासमध्ये. तो पास गेला की उजव्या बाजूच्या मिडफिल्डरला, म्हणजे बहुतेकदा जॉर्डन हेंडरसनला, पंधरा-वीस मीटर झपाट्याने बाहेर धावून फुलबॅकला गाठावं लागे. तो एक सेकंद उशिरा पोहोचला तर आपला उजवा फुलबॅक ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड पुढे सरकतो, त्याच्या मागची जागा मोकळी पडते, ती भरायला सेंटर-बॅक कडेला जातो आणि गोलसमोर खिंडार पडतं. टीव्हीवर चूक ट्रेंटची दिसते. सुरुवात मात्र तीन पास आधी, दुसऱ्याच माणसाच्या उशिराने झालेली असते. ट्रेंटच्या बचावावर वर्षानुवर्षं झालेल्या वादात नेमका हाच मुद्दा सुटत आला.

बचावफळी पुढे उभी करण्याचंही असंच. मध्यरेषेजवळ उभं राहिलं की संघ आखूड होतो, वेढा घालणं सोपं जातं आणि समोरचे ऑफसाइडमध्ये सापडतात. पण हे गणित एका अटीवर टिकतं: पास देणाऱ्यावर दबाव असला पाहिजे. त्याला मान वर करायला दोन सेकंद मिळाले तर मागच्या चाळीस मीटर मोकळ्या जागेत चेंडू टाकणं कठीण नाही. ४ ऑक्टोबर २०२० ला ॲस्टन व्हिलाने लिव्हरपूलला ७-२ ने फोडलं तेव्हा सगळे बचावफळीच्या रेषेवर बोट ठेवत होते. खरं दुखणं पुढे होतं, चेंडूवाल्याला कोणी अडवतच नव्हतं. सामना पाहताना गोल खाल्ला की रिप्लेमध्ये शेवटच्या बचावपटूकडे पाहू नका, पास देणाऱ्याभोवती किती जागा होती ते पाहा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

ही पद्धत जमली तेव्हाचे आकडे सर्वांना पाठ आहेत. २०१८-१९ मध्ये ९७ गुण आणि तरी दुसरा क्रमांक, कारण मँचेस्टर सिटीचे ९८. त्याच मोसमात माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा चषक. २०१९-२० मध्ये ९९ गुण आणि तीस वर्षांनी लीग विजेतेपद. २०२१-२२ मध्ये ९२ गुण, सिटीचे ९३.

शहराचा राग कुठून येतो

बिल शँक्ली १९५९ ते १९७४ लिव्हरपूलचा मॅनेजर होता. स्कॉटलंडच्या कोळसा खाणीच्या गावातला माणूस. आपला समाजवाद कोणता हे तो फुटबॉलच्याच भाषेत सांगायचा: प्रत्येकाने एकमेकांसाठी राबायचं आणि फळात प्रत्येकाचा वाटा. हे वाक्य लिव्हरपूलच्या चाहत्यांना तोंडपाठ असतं. चाळीसेक वर्षांनी एक जर्मन आला, त्याच्या संघात आघाडीचा खेळाडूही बचावासाठी जीव तोडून धावू लागला आणि तो स्वतःला उघडपणे डावा म्हणवत होता. सूत लगेच जुळलं. क्लॉपचं प्रेसिंग स्टँडमधल्या लोकांना नुसतं परिणामकारक वाटलं नाही, ते त्यांना आपल्यातलं वाटलं.

पण नुसत्या शँक्लीने शहराचं राजकारण कळत नाही. १९८१ मध्ये टॉक्स्टेथ भागात दंगली झाल्या. त्यानंतर तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळातले जेफ्री हाऊ यांनी लिव्हरपूलला सावकाश उताराला लागू द्यावं अशा अर्थाचा विचार खासगीत मांडला होता. ती कागदपत्रं २०११ च्या अखेरीस खुली झाली. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या एफए कप (इंग्लंडची चषक स्पर्धा) उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी झाली. मृतांची संख्या आज ९७ धरली जाते. चार दिवसांनी ‘द सन’ या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर चाहत्यांवरच किळसवाणे खोटे आरोप छापले. तो पेपर आजही त्या शहरात बहुतेक ठिकाणी विकला जात नाही. पोलिसांची हलगर्जी आणि लपवाछपवी अधिकृतपणे मान्य व्हायला २०१२ चा स्वतंत्र समितीचा अहवाल आणि एप्रिल २०१६ चा ज्यूरीचा निकाल उजाडावा लागला. चाहत्यांचा दोष नव्हता आणि मृत्यू बेकायदा होते, हे ऐकायला कुटुंबांना सत्तावीस वर्षं थांबावं लागलं.

हे माहीत असलं की राष्ट्रगीताच्या वेळची हुर्यो कळते. मे २०२२ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कपच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या चाहत्यांनी राष्ट्रगीताला हुर्यो उडवली आणि लंडनमधून टीका सुरू झाली. क्लॉपचं उत्तर असं होतं की हे लोक विनाकारण असं करणारे नाहीत, ते का करतात हे विचारा. या एका वाक्यावर देशभर त्याच्यावर तोंडसुख घेतलं गेलं, आणि शहरात त्याची पत वाढली. वर्षभराने, ६ मे २०२३ ला, राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, राष्ट्रगीत वाजवलं गेलं, तेव्हाही तेच घडलं.

इथे एक सावधगिरी हवी. सगळे लिव्हरपूल चाहते डावे आहेत असं समजू नका. ॲनफिल्डमध्ये बसणारे पुष्कळ जण शहराबाहेरून येतात, काहींना राष्ट्रगीताचा हा प्रकार मुळीच पटत नाही, आणि ‘मॅनेजरने फुटबॉलपुरतं बोलावं’ म्हणणारा गटही कायम होता. २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानात लिव्हरपूल शहराने ५८ टक्क्यांहून अधिक मतं युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने दिली, म्हणजे चाळीसेक टक्के लोकांचं मत उलट होतं. क्लॉप ब्रेक्झिटविरुद्ध बोलायचा तेव्हा शेजारशेजारच्या खुर्च्यांवर दोन मतं बसलेली असायची.

७७ पौंड, ७७ वं मिनिट

मैदानाबाहेरच्या वादाचं सर्वांत चांगलं उदाहरण तिकिटांचं आहे. क्लबची मालकी २०१० पासून फेनवे स्पोर्ट्स ग्रुप या अमेरिकन कंपनीकडे, ३० कोटी पौंडांना घेतलेली. नवीन मेन स्टँड बांधला जात असताना २०१६-१७ साठी सर्वांत महाग तिकीट ५९ पौंडांवरून ७७ पौंडांवर नेण्याचं जाहीर झालं. ६ फेब्रुवारी २०१६ ला संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून बाहेर पडले. संघ २-० ने पुढे होता. उरलेल्या तेरा-चौदा मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि सामना २-२ वर सुटला. चार दिवसांनी मालकांनी माफी मागितली, ७७ चं तिकीट रद्द केलं आणि दर गोठवले. महिन्याभरात प्रीमियर लीगने सगळ्या क्लबांसाठी पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली.

यात चाहत्यांची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांनी संघाला शिव्या दिल्या नाहीत, मॅनेजरवर फलक काढले नाहीत. क्लॉप तर अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे त्या दिवशी मैदानावरच नव्हता. राग मालकापर्यंत पोहोचवायचा आणि खेळाडूंना मध्ये आणायचं नाही, ही शिस्त ‘स्पिरिट ऑफ शँक्ली’ या चाहत्यांच्या संघटनेने २००८ पासून, म्हणजे आधीच्या हिक्स आणि जिलेट या अमेरिकन मालकांविरुद्ध लढताना मुरवली होती. एप्रिल २०२० मध्ये साथीच्या काळात क्लबने कर्मचाऱ्यांना सरकारी मदतीच्या योजनेवर टाकण्याचं ठरवलं, आणि ओरड झाल्यावर दोन दिवसांत निर्णय फिरवला. तोही याच दबावाचा परिणाम.

मग १८ एप्रिल २०२१ चा रविवार. युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी सुपर लीग ही आपली वेगळी स्पर्धा जाहीर केली. इंग्लंडचे सहा, त्यात लिव्हरपूल. क्लॉप आणि खेळाडूंना आधी विचारलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लीड्सशी सामना होता. माइकसमोर उभा राहून क्लॉप म्हणाला की या कल्पनेबद्दलचं आपलं जुनं मत बदललेलं नाही; दोन वर्षांपूर्वीच त्याने असली स्पर्धा कधी होऊ नये असं म्हटलं होतं. जेम्स मिल्नरनेही सामन्यानंतर कॅमेऱ्यासमोर विरोध केला. ॲनफिल्डच्या कॉप या स्टँडवर झेंडे लावणाऱ्या चाहत्यांच्या गटाने झेंडे उतरवण्याचं जाहीर केलं. मंगळवारी रात्री सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले आणि बुधवारी फेनवेचे मालक जॉन हेन्री यांनी व्हिडिओतून माफी मागितली.

ते तीन दिवस क्लॉपच्या खात्यात मोठी जमा ठेवून गेले. मालकाचा पगार घेणारा माणूस मालकाच्या निर्णयाविरुद्ध, राजीनाम्याचं नाटक न करता, सरळ बोलला. गंमत म्हणजे त्याच वेळी तो चाहत्यांवरही थोडा चिडला होता: खेळाडूंनी हे ठरवलेलं नाही, मग झेंडे कशाला काढता? ते चाहत्यांनी मनावर घेतलं नाही. घरच्या माणसाने घरात केलेली कुरकुर म्हणून सोडून दिली.

जमा खर्चाला कशी लागली

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. डाव फसला तर चाहते किती दिवस थांबतात, आणि खापर कोणाच्या डोक्यावर फोडतात?

२०२०-२१ मध्ये तिन्ही मुख्य सेंटर-बॅक दुखापतीने बाहेर गेले. क्लॉपने फाबिन्यो आणि हेंडरसन या मिडफिल्डरांना मागे खेळवलं. परिणाम दुहेरी झाला. बचाव कसाबसा सावरला, पण मधल्या फळीतली दोन माणसं गेल्याने वेढाच सुटला. ॲनफिल्डवर लीगचे ६८ सामने न हरलेला संघ ओळीने सहा सामने तिथेच हरला. शेवटी दोन नवख्या बचावपटूंना मागे ठेवून फाबिन्योला पुढे आणलं तेव्हा गाडी रुळावर आली आणि संघ तिसरा आला. माझ्या मते क्लॉपच्या साऱ्या कारकिर्दीतली डावपेचांची सर्वांत महाग चूक हीच: बचावातलं भोक बुजवायला त्याने मशीनचा कणाच काढून लावला. तरी त्या मोसमात ‘क्लॉप हटाव’ म्हणणारे विरळाच. मैदानं रिकामी होती हे एक कारण. जानेवारीपर्यंत एकही खरा बचावपटू विकत घेतला नाही याचा दोष मालकांकडे गेला, हे दुसरं.

२०२२-२३ मध्ये हे आणखी उघड झालं. आदल्या मोसमात संघ शक्य तेवढे सगळे, म्हणजे ६३ सामने खेळला होता. सुट्टी तोकडी, माने जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबला गेलेला, मधल्या फळीत थियागो, हेंडरसन आणि मिल्नर तिघेही तिशीपलीकडे. वर ज्या पंधरा-वीस मीटरच्या धावेबद्दल लिहिलं ती आता कोणालाच वेळेत जमेना. प्रेसिंगची पहिली ओळ पूर्वीसारखीच पुढे जायची, दुसरी मागे राहायची आणि मध्ये मैदानभर मोकळी जागा. १४ जानेवारीला ब्रायटनने ३-० ने हरवलं तेव्हा हे आंधळ्यालाही दिसत होतं. फेब्रुवारीत रिआल माद्रिदने ॲनफिल्डवर ५-२ केलं. मधेच ५ मार्चला मँचेस्टर युनायटेडला ७-० ने धुतलं, त्यामुळे रोगनिदान आणखी गोंधळलं.

चूक कोणाची? तटस्थपणे पाहिलं तर दोघांची. क्लॉपने ओळखीच्या खेळाडूंवर एक वर्ष जास्त भरवसा ठेवला, ‘मधल्या फळीत माणसं पुरेशी आहेत’ असं तो उन्हाळ्यात सांगत होता. क्लबने शेवटच्या दिवशी युव्हेंटसकडून आर्थर मेलोला उसनं आणलं, आणि तो मुख्य संघासाठी अख्ख्या मोसमात तेरा मिनिटं खेळला. पण चाहत्यांच्या बोलण्यात पारडं साफ एकीकडे झुकलं. फलक मालकांविरुद्ध, क्लॉपच्या नावाचं गाणं चालूच. गुण ६७, क्रमांक पाचवा, आणि नोकरीला धक्का नाही. दुसऱ्या एखाद्या मोठ्या क्लबात त्या फेब्रुवारीनंतर मॅनेजर टिकला असता का, शंकाच आहे. सुपर लीगच्या आठवड्यात जे कमावलं होतं ते इथे वापरलं गेलं.

यामागे पैशाचंही कारण आहे. फेनवेची रीत विकून विकत घ्यायची. जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्यो बार्सिलोनाला विकला आणि व्हॅन डाइक, मग गोलरक्षक ॲलिसन आले. डावा फुलबॅक अँडी रॉबर्टसन हल सिटीकडून सुमारे ८० लाख पौंडांत, उजवा फुलबॅक क्लबच्याच अकादमीतला. २०१८-१९ मध्ये या दोघांनी मिळून लीगमध्ये २३ गोलांना शेवटचा पास दिला. क्लॉपची पद्धत कमी पैशात जास्त काढून द्यायची, म्हणून चाहत्याच्या मनात चित्र पक्कं झालं: मालक हात आखडता घेतो, मॅनेजर भागवून नेतो. हे चित्र पूर्ण खरं नव्हतं, पगारावर लिव्हरपूल भरपूर खर्च करतं. पण ते सोयीचं होतं.

एप्रिल २०२३ मध्ये क्लॉपने जुनी रचना मोडली. चेंडू आपल्याकडे असताना ट्रेंट उजवीकडून मध्ये, फाबिन्योच्या शेजारी येऊ लागला. मागे तीन, त्यांच्यापुढे दोन. त्याच्या लांब पासना मध्यातून दोन्ही बाजू खुल्या झाल्या आणि संघ मोसम संपेपर्यंत लीगमध्ये हरला नाही. भोक मात्र तिथेच होतं: चेंडू गेला की उजवी बाजू एकट्या इब्राहिमा कोनातेच्या गळ्यात. टॉटनहॅमविरुद्ध ४-३, साउदॅम्प्टनविरुद्ध ४-४ हे आकडे त्याचेच.

सौदी पैसा, हेंडरसन आणि रेड बुल

ऑक्टोबर २०२२ मध्ये सिटीशी सामना असताना क्लॉप म्हणाला की जगात तीन क्लब असे आहेत की पैशाच्या बाबतीत ते हवं ते करू शकतात. इशारा सिटी, न्यूकॅसल आणि पॅरिसच्या क्लबकडे, म्हणजे अबुधाबी, सौदी आणि कतारच्या पैशाकडे. सिटीच्या गोटातून त्याच्यावर परकीयद्वेषाचा आरोप झाला, तो त्याने फेटाळला. लिव्हरपूलचे चाहते खूश होते.

पुढच्याच उन्हाळ्यात गोष्ट घरात आली. फाबिन्यो अल-इत्तिहादला आणि कप्तान हेंडरसन अल-इत्तिफाकला, म्हणजे दोघेही सौदी क्लबांत गेले. हेंडरसनने कप्तानाची इंद्रधनुषी दंडपट्टी बांधून समलिंगी चाहत्यांची बाजू घेतली होती. ज्या देशात समलैंगिकता गुन्हा आहे तिथे तो खेळायला निघाला आणि नव्या क्लबच्या स्वागताच्या व्हिडिओत ती पट्टी राखाडी करून दाखवली. लिव्हरपूलच्या समलिंगी चाहत्यांच्या ‘कॉप आउट्स’ या गटाने निराशा बोलून दाखवली. पण डावपेचांच्या बाजूने पाहणाऱ्यांचा हिशोब वेगळा होता: धाव मंदावलेले दोन मिडफिल्डर विकले गेले, त्या पैशांनी नवी मधली फळी उभी राहायला हातभार लागला. मॅक ॲलिस्टर, सोबोस्लाई, एंडो, ग्राव्हेनबर्ख. सौदी पैशाला नावं ठेवणाऱ्या क्लबच्या दुरुस्तीला सौदी पैसाच कामी आला, हे कबूल करताना पुष्कळांची जीभ अडखळली. दोन्ही वाद एकाच कट्ट्यावर चालतात तेव्हा असंही होतं.

क्लॉपबाबतचा सर्वांत कडू प्रसंग मात्र लिव्हरपूलमध्ये नाही, जर्मनीत घडला. ९ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झालं की तो जानेवारीपासून रेड बुल या पेय कंपनीच्या जगभरच्या फुटबॉलचा प्रमुख होणार. जर्मनीत १९९८ पासून एक नियम आहे: क्लबच्या व्यावसायिक संघात मताधिकाराचा निम्म्याहून एक मत जास्त वाटा सभासदांच्या हाती हवा. २००९ मध्ये उभ्या राहिलेल्या रेड बुलच्या लाइपझिग क्लबने मतदानाचा हक्क असलेले सभासद मूठभर ठेवून या नियमाचं अक्षर पाळलं आणि आत्मा गुंडाळून ठेवला, असं तिथले चाहते मानतात. क्लॉप माइन्झमध्ये खेळाडू म्हणून घडला, तिथेच मॅनेजर झाला. मग डॉर्टमुंडला २०११ आणि २०१२ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं. दोन्ही क्लब या नियमाचे अभिमानी. माइन्झच्या चाहत्यांनी फलकावर विचारलं, आम्ही तुला जे बनू दिलं ते सगळं विसरलास का?

मजा अशी की डावपेचांच्या नात्याने पाहिलं तर क्लॉपला रेड बुलइतकं जवळचं घर नाही. तिथे राल्फ रांगनिकने २०१२ पासून साल्झबर्ग आणि लाइपझिगमध्ये याच आक्रमक प्रेसिंगची शाळा उभी केली होती. लिव्हरपूलने केटा, मिनामिनो, कोनाते, सोबोस्लाई हे सगळे त्याच दोन क्लबांतून घेतले. खेळ सख्खा, मालकी परकी. जर्मन चाहत्याने मालकीवरून निकाल दिला. लिव्हरपूलमध्ये ओरड कमी झाली, कारण तिथे सभासदांची मालकी कधी नव्हतीच. अमेरिकन कंपनीच्या क्लबच्या चाहत्याने पेयाच्या कंपनीवरून कोणाला धडे द्यायचे?

क्लॉपनंतर आलेल्या आर्ने स्लॉटने पहिल्याच मोसमात लीग जिंकली. त्याचा संघ चेंडू सावकाश फिरवतो, वेढा निवडून घालतो. राजकारणावर तो जवळजवळ बोलत नाही. त्यामुळे त्याच्या खात्यात फक्त निकाल जमा होतात, आणि निकाल बिघडले तर काढायला दुसरं काही नसतं.

मुंबई-पुण्याहून पाहताना

भारतात बसून हा खेळ पाहणाऱ्याचा या राजकारणाशी संबंध आहे, आणि तो वेळापत्रकातून येतो. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपणाला बंदी आहे, स्थानिक क्लबांचे प्रेक्षक कमी होऊ नयेत म्हणून साठच्या दशकापासून चालत आलेली. म्हणून टीव्हीवरचे सामने साडेबाराला किंवा साडेपाचला ढकलले जातात. तिथले साडेबारा म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळचे पाच, एरवी सहा. आशियासाठी अगदी सोयीची वेळ. बुधवारी रात्री युरोपात खेळून शनिवारी साडेबाराला उतरायचं, यावर क्लॉप वर्षानुवर्षं भांडला. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रायटनच्या सामन्यानंतर टीव्ही वार्ताहराशीच त्याची जुंपली. त्याच्या पद्धतीला ताजे पाय लागत, म्हणून हा त्याच्यासाठी डावपेचांचा प्रश्न होता. लिव्हरपूलहून लंडनला जाणाऱ्या चाहत्यासाठी तो पहाटेच्या गाडीचा आणि भाड्याचा प्रश्न. ठाण्यात चहा पीत सामना लावणाऱ्यासाठी तो प्रश्नच नाही, कारण सोय त्याचीच बघितली जाते.

बाकी धागेही आहेत. पुण्यात डीएसके शिवाजियन्सने लिव्हरपूलच्या सहकार्याने निवासी अकादमी चालवली होती. आणि क्लॉपने ज्या मँचेस्टर सिटीकडे बोट दाखवलं तिच्या मालकांच्या समूहाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. त्या काळात मुंबईतल्या एखाद्या घरात लाल जर्सी लिव्हरपूलची आणि आकाशी जर्सी मुंबई सिटीची एकाच दोरीवर वाळत असेल, तर ॲनफिल्डवरच्या माणसाला ते समजावून सांगणं अवघड गेलं असतं.